मंगलोरी कौल आणि विझलेल्या भट्ट्या



आज जरा लांबचा विषय घेतला आहे. तसा तो लांबचा नाही, तुमच्या-आमच्या डोक्यावरचाच आहे. विषय आहे मंगलोरी कौल.

कोकणातल्या माणसाला मंगलोरी कौल म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. पण हे लेख घाटावरचे आणि परदेशातलेही काही जण वाचतात, म्हणून सांगते. लाल, चपटे, हातभर लांबीचे कौल. कडांना खाचा असतात, त्यामुळे एक कौल दुसऱ्यात अडकून बसते. मागच्या बाजूला खुंटीसारखा उंचवटा असतो, तो रिपेवर टेकतो. वजन दोन ते तीन किलो. शंभर चौरस फूट छपराला साधारण दीडशे कौले लागतात. म्हणजे मध्यम घराला दीड-दोन हजार कौले आणि त्यांचे चार-पाच टन वजन झाले. पूर्वी सोयरीक जुळवताना घर नळ्यांचे आहे की मंगलोरी कौलांचे, हे पाहुणे अंगणातूनच बघून घेत. त्यावरून पुढची बोलणी किती ताणायची ते ठरे!

जुन्या कौलांच्या पाठीवर इंग्रजीत कारखान्याचे नाव ठसवलेले असते. काहींवर ‘बासेल मिशन टाइल वर्क्स’ आणि १८६५ असा आकडा दिसतो. तो वाचून आपले घर १८६५ सालचे, असे समजणारे पुष्कळ भेटतात. तो आकडा घराचा नव्हे, तर पहिला कारखाना सुरू झाला त्या सालाचा आहे. हे कारखाने कशासाठी निघाले आणि कसे बंद पडले, तेच आज सांगायचे आहे. शाळेत मी पस्तीस वर्षे इतिहास शिकवला, पण हा इतिहास कोणत्याच इयत्तेच्या पुस्तकात नव्हता.

बासेल हे स्वित्झर्लंडमधले ऱ्हाईन नदीकाठचे शहर. १८१५ साली तिथे बासेल मिशन ही ख्रिस्ती संस्था स्थापन झाली. तिचे पहिले तीन मिशनरी १८३४ साली मलबार किनाऱ्यावर उतरून मंगळुरास आले. पुढे संस्थेचे काम धारवाड-हुबळीपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातही पसरले. ही मंडळी नुसती धर्मोपदेशक नव्हती. कन्नड भाषेतले पहिले वृत्तपत्र ‘मंगळूर समाचार’ हे १८४३ साली याच मिशनच्या हेर्मान म्यॉगलिंगने काढले. कन्नड-इंग्रजी शब्दकोश रचणारा किटेल (१८९४) आणि मल्याळम शब्दकोश रचणारा गुंडर्ट (१८७२) हेही याच मिशनचे.

आता कौलांचा आणि धर्मप्रसाराचा काय संबंध? संबंध पोटाचा होता. त्या काळी धर्म बदलला की जात सुटे आणि जात सुटली की धंदाही सुटे. माणूस कुळ असेल तर जमीनदार जमीन काढून घेई. मंगळूरकडे धर्म बदललेल्यांत माडावर चढून माडी काढणारे बरेच होते. तो धंदा मिशनला मान्य नव्हता. मग खायचे काय? मिशनने शेती करून पाहिली, सुतारकाम, छापखाना, विणकाम, इतकेच काय घड्याळे बनवण्याचाही खटाटोप केला. काही चालले, काही फसले.

छापखान्याच्या कामासाठी आलेला घेऑर्ग प्लेब्स्ट नावाचा एक यंत्रज्ञ मिशनरी होता. नेत्रावती आणि गुरुपूर नद्यांच्या काठची चिकणमाती त्याच्या नजरेत भरली. युरोपात तेव्हा खाचांची, एकमेकांत अडकणारी कौले नवीन होती. फ्रान्समधल्या अल्सास भागातल्या जिलार्दोनी बंधूंनी १८४१ साली तशा कौलाचे पेटंट घेतले होते. प्लेब्स्टने ती कल्पना इथल्या मातीत उतरवली आणि १८६५ साली मंगळुरात नेत्रावतीच्या काठी जेप्पू इथे पहिला कारखाना काढला. सुरुवातीला माती मळायला बैल होते, पुढे वाफेचे यंत्र आले. मग कालिकत, मालपे, कोडक्कल (१८८७), पालघाट असे करत १९०५ साली फेरोक, असे मिशनचे एकूण सात कौल-कारखाने झाले.

लक्षात घ्या, हे कारखाने कोणी कौलांचा बाजार बघून काढले नव्हते. काम गेलेल्या माणसांना काम हवे होते, म्हणून ते निघाले. आधी माणसे होती, मग त्यांच्यासाठी कौल शोधले गेले. पुढचे सगळे वाचताना हे ध्यानात असू द्या.

तिथली शिस्त मात्र कडक होती. ठरल्या वेळेला घंटा, प्रार्थना, रविवारची सुट्टी. बचतीचा आणि आजारपणाचा फंडही होता. घर मिशनचे, शाळा मिशनची, काम मिशनचे. तेव्हा मिशनच्या मर्जीबाहेर जाणे सोपे नव्हते. आजच्या डोळ्यांनी पाहिले तर त्यात खटकण्यासारखे पुष्कळ आहे. पण नदीकाठी निश्चित मजुरी मिळू लागली, हेही खरे. पुढे सर्व जातिधर्मांची माणसे या कारखान्यांत आली, आणि मंगळूरच्या स्थानिक लोकांनीही पाठोपाठ आपले कारखाने काढले. जेप्पू, बोळार, होयगे बजार हा सगळा नदीकाठ धुराड्यांनी भरून गेला.

कौल कसे होते तेही थोडक्यात सांगते. पावसाळ्याआधी माती आणून ढीग घालायचे. ती मुरली की यंत्रातून मळायची. मळलेल्या मातीच्या वड्या करून त्या दाबयंत्राच्या साच्यात घालायच्या. ओले कौल फळीवर उचलायचे, त्याच्या कडा तासायच्या आणि सावलीत मांडणीवर सुकत ठेवायचे. उन्हात ठेवले तर ते तडकते. सुकले की भट्टीत रचायचे. भट्टी लाकडावर पेटे आणि दिवसरात्र राखावी लागे. भाजलेले कौल टिचकी मारून ऐकायचे. टण् वाजले तर चांगले, बद्द वाजले तर बाजूला. यात साचा आणि भट्टी पुरुषांकडे असे. माती वाहणे, ओली कौले उचलणे, कडा तासणे, भट्टीपर्यंत आणि भट्टीपासून डोक्यावरून वाहतूक, ही कामे बायकांची. कौल कारखान्यांत बायकांचा भरणा मोठा होता. तेव्हा पावसाचे चार थेंब तुमच्या अंगावर न पडता कौलावरून घरंगळून जातात, तेव्हा ते कौल निदान चार-पाच बायकांच्या हातांखालून गेलेले असते.

मंगळूरला १९०७ पर्यंत रेल्वे नव्हती, आणि आपल्या कोकणाला तर त्यानंतरही नव्वद वर्षे नव्हती. कौले समुद्रातून आली. मचवे आणि गलबते भरभरून गोवा, वेंगुर्ला, मालवण, रत्नागिरी, मुंबई अशी वर सरकत गेली. बाहेर सिलोन, एडन, पूर्व आफ्रिकेपर्यंत गेली. मालवणच्या किनाऱ्यावर माडाच्या चोडांत बांधून उतरवलेले कौलांचे ढीग मी लहानपणी पाहिले आहेत.

या भरभराटीत एक माणूस मात्र बुडाला, तो आमचा कुंभार. मंगलोरी कौलाच्या आधी आमच्याकडे घरे शाकारली जात ती गवताने, माडाच्या झावळ्यांनी, आणि ज्याला परवडे तो नळ्यांनी. नळे म्हणजे चाकावर काढून उभे चिरलेले, पन्हळीसारखे अर्धगोल कौल. ते गावचा कुंभार करी. दर उन्हाळ्यात फुटके नळे बदलायचे, म्हणजे कुंभाराला दरवर्षी काम. मंगलोरी कौल एकदा बसवले की पिढीभर बघावे लागत नाही. त्यामुळे श्रीमंतांची घरे गेली, मग मध्यमांची गेली आणि कुंभाराकडे घट, पणत्या आणि चूल राहिली. किती कुंभारांचे आवे थंड झाले? याची नोंद कुठेही नाही. मिशनच्या अहवालात किती कौले झाली ते आहे, किती माणसांना काम मिळाले तेही आहे. ज्यांचे काम गेले ते शेकडो मैल दूर, वेगवेगळ्या गावांत, एकेकटे होते. त्यांच्यासाठी कोणी रकाना आखला नव्हता.

आता महायुद्धाकडे येते. दहावीला पहिले महायुद्ध शिकवताना मी सारायेव्होचा खून, दोस्त राष्ट्रे, व्हर्सायचा तह असे सगळे फळ्यावर लिहीत असे. त्या युद्धाची झळ मंगळूरच्या कौलांना लागली होती हे मला पुष्कळ नंतर वाचनात आले. बासेल मिशन स्वित्झर्लंडचे असले तरी त्यातले बरेच मिशनरी जर्मन होते. १९१४ साली युद्ध पेटताच ते शत्रूराष्ट्राचे नागरिक ठरले. भारतातल्या जर्मन नागरिकांची मोठी नजरकैद छावणी होती आपल्या अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला. कौले करणारे मिशनरीही तिथे येऊन पडले. कारखाने सरकारने ताब्यात घेतले आणि पुढे १९१९ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या कॉमनवेल्थ ट्रस्ट या कंपनीकडे सोपवले.

मालक असा रातोरात गेला, तरी भट्ट्या विझल्या नाहीत. कारण कौलांना मागणी होती. ट्रस्टच्या कौलांवर नवे नाव उमटू लागले, एवढेच. पुढे कामगारांच्या संघटना झाल्या. १९३०च्या दशकात कालिकत-फेरोककडच्या कौल कामगारांत पी. कृष्ण पिल्लै यांनी काम केले, मंगळूरकडेही संघटना उभ्या राहिल्या. जिथे प्रार्थनेने दिवस उगवे त्या धंद्यात संपाच्या घोषणा आल्या. मजुरी, बोनस, भविष्यनिर्वाह निधी असे हक्क हळूहळू पदरात पडले. स्वातंत्र्यानंतर भारतीय मानक संस्थेने मंगलोरी घाटाच्या कौलासाठी मानकही ठरवले, क्रमांक ६५४. म्हणजे सरकारदरबारीही ‘मंगलोरी’ हे गावाचे नाव न राहता कौलाच्या जातीचे नाव झाले.

इथे आपला आणि मंगळूरचा एक संबंध सांगण्यासारखा आहे. कोकणातली नळ्यांची घरे मंगलोरी झाली ती शेतीच्या पैशांवर नव्हे. भाताच्या दोन खंडीत कोणाच्या घरावर कौल चढत नाही. ती चढली मुंबईच्या मनीऑर्डरीवर. आमचे थोरले काका परळच्या एका गिरणीत साचेवाले होते. आमच्या घरावरची कौले १९५८ साली त्यांच्याच पैशांनी आली. पुढली पडवी राहिली होती, ती दोन वर्षांनी बोनस मिळाल्यावर झाली. घरोघर हीच गोष्ट. म्हणजे परळचा गिरणी कामगार पगार घेई, त्यातून कौले येत आणि त्या कौलांतून मंगळूरच्या कामकरणीचा रोज निघे. दोघांनी एकमेकांना कधी पाहिले नाही. एकाचे दुसऱ्यावर चालले होते, हे दोघांच्याही गावी नव्हते.

१९८२ साल या दोघांनाही वाईट निघाले. जानेवारीत डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले आणि त्यांतले बहुतेक पुन्हा साच्यावर गेले नाहीत. त्याच वर्षी फेब्रुवारीअखेर केंद्र सरकारने सिमेंटवरचे नियंत्रण अंशतः उठवले. त्याआधी सिमेंट परमिटवर मिळे. दहा पोती मिळवायला तालुक्याला खेटे घालावे लागत, हे माझ्या वयाच्या वाचकांना आठवत असेल. १९८९ साली उरलेले नियंत्रणही गेले. सिमेंट दुकानात मिळू लागले आणि गावागावात ‘स्लॅब’ हा शब्द आला.

लोकांनी स्लॅब का घातला? काही जण याला शहरी थाटाचे वेड म्हणतात. मला तसे वाटत नाही. वाशांना लागणारे सागाचे, ऐनाचे लाकूड महाग झाले. त्याला वाळवी लागे. वानरांच्या टोळ्या छपरावर नाचून कौले फोडत. घरात दोन म्हातारी माणसे उरलेली, छपरावर चढणार कोण? कौले चाळणारा गडी मिळेना. वर आणखी एक मजला चढवता येतो, मिरच्या-कोकम वाळत घालता येतात, चोराचे भय नाही. आमच्या घरावरही १९९४ साली स्लॅब पडला, तो याच कारणांनी, आणि सगळ्या भावंडांनी बसून ठरवला होता. कारण प्रत्येकाचे पटण्यासारखे होते.

तिकडे कारखान्यांचीही कारणे पटण्यासारखीच होती. चांगली चिकणमाती नदीकाठी आणि भाताच्या खाचरांत मिळते. शंभर वर्षे उपसल्यावर ती दूरदूरून आणावी लागली, भाव वाढले. केरळात तर भातशेतांतली माती काढल्याने खोल खड्डे पडले, विहिरींच्या पाण्यावर परिणाम होऊ लागला, तक्रारी झाल्या. २००८ साली केरळने भातशेती आणि पाणथळ जमिनी राखण्याचा कायदा केला. तो कायदा गरजेचा होता यात मला शंका नाही. पण मातीची अडचण त्याने वाढली. भट्टीला लागणारे सरपण महागले. शहर वाढले तशी नदीकाठच्या जागेला अशी किंमत आली की कौले करण्यापेक्षा जागा विकणे फायद्याचे. शिवाय गुजरातेत मोरबी-थानकडे कौले होऊ लागलीच होती, त्यात रंगीत पत्रा आला. २६ जानेवारी १९९८ला कोकण रेल्वे संपूर्ण सुरू झाली. ज्या मार्गाने कौले चार दिवसांत रत्नागिरीला आली असती, तो मार्ग कौलांचे दिवस संपल्यावर उघडला!

असे एकेक करून बहुतेक कारखाने बंद पडले. ही पडझड दोन-तीन दशके चालली होती. एका दिवशी, एका हुकमाने काही झाले नाही.

बंद पडताना कामगाराला काय मिळते, याचा कायदा होता. १९४७चा औद्योगिक विवाद कायदा. त्यात १९७६ साली आणि नंतर १९८२ साली सुधारणा होऊन अशी तरतूद झाली की शंभर किंवा अधिक कामगारांचा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी हवी. (आता नव्या औद्योगिक संबंध संहितेत हा आकडा तीनशे आहे.) पन्नास कामगार असतील तर निदान साठ दिवसांची नोटीस हवी. नुकसानभरपाई म्हणजे पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षासाठी पंधरा दिवसांचा सरासरी पगार. माझी शिक्षकी सवय जात नाही, म्हणून गणित करून दाखवते. चोवीस वर्षे काम केलेल्या बाईला चोवीस गुणिले पंधरा म्हणजे तीनशे साठ दिवसांचे पैसे. चोवीस वर्षांच्या कामाला साधारण एका वर्षाचा पगार. शिवाय वर्ष भरले असे धरायला त्या वर्षात २४० दिवस काम झालेले हवे. कौलांच्या धंद्यात पावसाळ्यात माल सुकत नाही, काम मंदावते. मंदीच्या वर्षांत दिवस आणखी कमी भरतात. तेव्हा हे २४० दिवस म्हणजे तिच्या दृष्टीने फार मोठा आकडा होता.

२०१२ साली माझी भाची मंगळुरास राहत होती. तिच्याकडे मी आठ दिवस गेले होते. तिच्या घरी वरकामाला येणाऱ्या बाईंची सासू पूर्वी कौल कारखान्यात होती असे कळले, म्हणून मुद्दाम तिला भेटायला गेले. वय सत्तरीच्या आसपास, अंगाने काटक. कोकणी बोलणारी ख्रिस्ती बाई. तिची कोकणी आणि माझी मालवणी यांचे निम्मे जुळत होते, निम्मे भाचीने सांधले. तिने मला ‘बाय’ म्हणायला सुरुवात केली आणि मीही तिला तसेच म्हटले.

चौदाव्या वर्षी ती आईबरोबर कामाला लागली. आधी कडा तासायला, मग वाहतुकीला. डोक्यावर एका वेळी दहा कौले. हे सांगताना तिने उठून डोक्यावर हात धरून मान कशी ताठ ठेवायची ते दाखवले. तिशीत एकदा पाय घसरला तर दहाही कौले फुटली, पण ती मान काही हलली नव्हती, असे म्हणून हसली. मग मी विचारले, कारखाना कोणत्या साली बंद झाला?

तिला सांगता येईना. तिने सुनेला विचारले, सुनेला माहीत नव्हते. मग ती आठवून सांगू लागली. एका वर्षी माती वेळेवर आली नाही, पंधरा दिवस काम नव्हते. पुढच्या वर्षी आठवड्याला तीन दिवस काम असे. मग दोन भट्ट्यांपैकी एक पेटेनाशी झाली. वयाने मोठ्या बायकांना घरी बसायला सांगितले. मग रोज सकाळी दारावर जायचे, काम असले तर आत, नाही तर परत. असे किती दिवस गेलो कोण जाणे, असे ती म्हणाली. एके दिवशी बायका गेल्याच नाहीत. दाराला कुलूप कोणी लावले, कधी लावले, तिने पाहिले नाही. पैसे थोडे मिळाले, ते तीन हप्त्यांत. त्यात मुलीचे लग्न झाले. नंतर ती घरी बसून विड्या वळू लागली. त्या जिल्ह्यात बायकांच्या हाताला दुसरे मोठे काम म्हणजे विड्यांचेच. माती वाहून बोटे राठ झालेली, पानाला हळू हात लागतो, तो बसायला वर्ष गेले, असे तिने सांगितले.

मी परतल्यावर हे पुष्कळ दिवस डोक्यात राहिले. गिरणी संपाला तारीख आहे: १८ जानेवारी १९८२. त्याच्यावर नाटके झाली, पुस्तके झाली, गिरण्यांच्या जागांवर कामगारांच्या घरांसाठी मोर्चे निघाले, काहींना घरे मिळाली. सगळे मनासारखे झाले असे नव्हे, पण आपले काय गेले आणि कधी गेले हे गिरणी कामगाराला सांगता येते. त्या बाईला तेही सांगता येत नव्हते. शहरे वेगळी, राज्ये दोन, मालक पुष्कळ, कारखाने लहान-मोठे. एका वेळी पन्नास माणसे इथली, ऐंशी तिथली. वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी यावी एवढेही एका वेळी कधी घडले नाही.

आणि यात खलनायक शोधायला जावे तर तो सापडत नाही. स्लॅब घालणाऱ्याचे कारण खरे, भातशेती राखणाऱ्या सरकारचे खरे, सरपण परवडत नाही म्हणणाऱ्या मालकाचेही बऱ्याच अंशी खरे. माझ्या मते गोम इथेच आहे. कोणाचाच दोष नसला की कोणावरच जबाबदारी येत नाही. ‘काळ बदलला’ असे आपण म्हणतो आणि पुढे जातो. काळ बदलतोच. कुंभारालाही आपण तेच सांगितले होते. पण काळ बदलल्याचा फायदा सगळ्यांना थोडाथोडा मिळतो आणि त्याची किंमत काही थोड्या माणसांच्या डोक्यावर बसते. ती किंमत सगळ्यांनी मिळून द्यायची, की चोवीस वर्षांना एक वर्ष देऊन मोकळे व्हायचे, हा प्रश्न काळाचा नाही, आपला आहे.

त्या दृष्टीने १८६५ सालची गोष्ट मला पुन्हा आठवते. त्या मिशनऱ्यांचे हेतू, त्यांचा धर्मप्रसार याबद्दल ज्याचे त्याचे मत असेल, माझेही आहे. पण काम गेलेली माणसे समोर उभी असताना त्यांनी ‘काळ बदलला’ असे म्हटले नाही. ही माणसे काय करू शकतील, इथल्या मातीत काय होऊ शकेल, याचा शोध घेतला. चार धंदे बुडवले आणि पाचवा चालवला. सव्वाशे-दीडशे वर्षांनी तेच कारखाने बंद झाले, तेव्हा सरकार आपले होते, कायदे आपले होते, इंजिनिअरिंग कॉलेजे गल्लोगल्ली होती. पण या बायकांना दुसरे कोणते काम शिकवता येईल, असा विचार आधी कोणी केल्याचे त्या बाईला तरी आठवत नव्हते.

आता जुन्या कौलांना पुन्हा भाव आला आहे. रिसॉर्टवाले आणि हौशी घरबांधणारे पडक्या घरांची कौले शोधत फिरतात, नाव ठसवलेले असेल तर जास्त पैसे देतात. ज्यांची घरे अजून कौलारू आहेत त्यांची वेगळीच पंचाईत आहे. वेगवेगळ्या कारखान्यांच्या खाचा एकमेकांत नीट बसत नाहीत. वादळात पंचवीस कौले फुटली तर तोच छाप शोधावा लागतो, आणि तो कारखाना बंद असला तर अख्खे पाखे उतरवायची वेळ येते. कारखाना बंद पडला की नुसत्या कामगाराचे नाही, गिऱ्हाइकाचेही अडते. ते मात्र तीस वर्षांनी कळते.

नातेवाइकांना एक विनंती. ज्यांच्याकडे अजून जुनी कौले आहेत त्यांनी पाठीवरचे नाव वाचून मला कळवावे, म्हणजे कोणत्या कारखान्याचा माल आपल्या गावात आला ते जुळवता येईल. वेंगुर्ल्याच्या शरददादाने त्याच्या मांगराच्या कौलांचे फोटो आधीच पाठवले आहेत, त्यात तीन वेगवेगळी नावे निघाली. आणि गावात कोणी वयस्क कुंभार असतील, तर त्यांच्या घरी नळे करणे कोणत्या साली थांबले तेही विचारा. त्यांनाही साल सांगता येणार नाही बहुधा. पण त्या वर्षी घरात काय घडले होते, कोणाचे लग्न होते, कोण गेले, असे विचारत गेले की साल आपल्याला काढता येते. इतिहास शिकवताना मी मुलांना हीच युक्ती सांगत असे.

लेख लांबला. पुढच्या खेपेला थोडक्यात लिहीन.